बरणीतली चांदी

घुम्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती, आणि ते आईच्या मनातून काही केल्या जाईना. परवा जेवायला आला तेव्हा तिने ती पाहिली होती. शाईचा डाग नव्हे, ग्रीसचाही नव्हे. कातडीच्या आत शिरलेला, जांभळट काळा रंग, नखांच्या मुळाशी जास्त गडद. साबणाने निघत नाही का रे, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, कामाचं आहे, आणि मान खाली घालून जेवत राहिला.

काम त्याचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं. त्या कामाने बोटं काळी होतात खरी, पण ती तेलाने, आणि तेल कोमट पाण्याने निघून जातं. आईचं सगळं नोकरीचं आयुष्य साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेलेलं. कुठला डाग कशाचा, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. असा डाग तिने कॉलेजात असताना पाहिला होता, स्वतःच्याच बोटांवर. चांदीच्या क्षाराचं प्रात्यक्षिक झालं की वर्गातल्या मुली आठवडाभर अशी बोटं पदराआड लपवत फिरायच्या. म्हणजे पोरगा चांदी विरघळवतोय. कशात विरघळवतोय, हे तिला कळेना, आणि मनातली पाल चुकचुकत राहिली.

घुम्या हे त्याचं शाळेतलं नाव. घरातही तेच चिकटलं, कारण ते त्याला अंगच्या शर्टासारखं बसायचं. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचा, पण उत्तराला शेपूट नसायचं. लहानपणी तो स्वयंपाकघरातला तराजू घेऊन बसे, आणि हाताला लागेल ते तोलून बघे. चमचे, बटणं, बाबांचा चष्मा, एकदा तर एक जिवंत गोगलगाय. बाबा म्हणायचे, "आपला मुलगा बोलत नाही, तोलतो." पाहुण्यांसमोर हे वाक्य ठरलेलं असायचं, आणि त्यावर हसायला पाहुणेही शिकले होते.

पुढे शिक्षणात त्याचा जीव रमला नाही. काटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे तो जाऊन बसू लागला, आणि त्या म्हाताऱ्याच्या मागे ते दुकानच त्याच्याकडे आलं. चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली एक अरुंद जागा. आत पितळी पारडी टांगलेली, मखमलीच्या खाचांत बसवलेली वजनं, आणि ती उचलायला चिमटा. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं त्याचं म्हणणं. विजेवरचे काटे आले तसं दुरुस्तीचं काम आटलं आणि तपासणीचं वाढलं. सरकारी परवाना खिशात घालून, प्रमाणित वजनांची पेटी हातात घेऊन तो सराफांकडे, औषधवाल्यांकडे, प्रयोगशाळांत जाई. त्याला दारात पाहिलं की भलेभले दुकानदार उगाच गल्ला आवरायला लागत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अशाच एका सराफाकडे त्याला पहिलं जुनं नाणं मिळालं. सराफाने वितळवायला मोड काढून ठेवली होती. तुटक्या साखळ्या, वाकडे चमचे, आणि त्यात एक काळाकुट्ट जाड तुकडा. काटा तपासायला घुम्याने सहज तो पारड्यात टाकला, आणि अंगठ्याने चोळला तर खालून पंख वर आले. गरुड होता. सराफ म्हणाला, घेऊन जा, तुझ्या मजुरीत धर, मी तर आत्ता मुशीत टाकणार होतो.

त्या संध्याकाळी घुम्या आईबाबांच्या घरी आला आणि बोलत सुटला. आई हातातलं काम टाकून ऐकत बसली, कारण आपल्या मुलाचा आवाज इतका वेळ सलग तिने आयुष्यात ऐकला नव्हता. रोमच्या सम्राटाचं राज्य होतं, पण पूर्वेकडच्या प्रांतांतल्या शहरांना आपापली चांदीची नाणी पाडायची मुभा होती. एका बाजूला सम्राटाचं तोंड, आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या गावाचं जे काही असेल ते. अक्षरं रोमची नाहीत, ग्रीक. वजन रोमचं नाही, तिथल्या बाजाराच्या सवयीचं. हे नाणं अँटिऑकचं होतं. राजधानीची नाणी काय, सगळेच गोळा करतात, तो म्हणाला. मला प्रांतातली हवीत.

मग ती येत गेली. सीझेरियाचं नाणं आलं, त्यावर डोंगर होता आणि डोंगराच्या माथ्यावर तारा. लिसियाचं आलं, त्यावर शेजारीशेजारी ठेवलेली दोन तंतुवाद्यं. अलेक्झांड्रियाची आली, त्यांत चांदी इतकी कमी की नुसता वास लावल्यासारखी. घुम्याला त्याचंच अप्रूप. कोणत्या गावाने किती तांबं मिसळलं, कुठल्या सम्राटाच्या काळात वजन किती घसरलं, हे तो काट्यावर ठेवून सांगायचा, जणू दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुकानदारांची तपासणी त्याच्याकडेच सोपवली होती. आईलाही गोडी लागली. नक्षी कोरणाऱ्या कारागिरांनी सम्राटाला कधी पाहिलेलंच नसे, त्यामुळे एकाच माणसाचं नाक गावोगाव बदले. "हा बघ, याला सर्दी झालीय," असं ती एखादं नाणं धरून म्हणायची, आणि घुम्या चक्क हसायचा.

सून टपालखात्यात होती, आणि तिच्या तोंडाला विश्रांती नव्हती. देवाने जोड्या बरोबर लावल्या, असं आई म्हणायची, एकाला द्यायचं राहिलं ते दुसरीला दिलं. सून सगळ्यांना सांगायची, "मला सवत आहे. वय वर्षं दोन हजार, रंग काळा, आणि पाठीवर गरुड. पण नवरा तिलाच दिवसातून चारदा हातात घेतो." घुम्या कानापर्यंत लाल व्हायचा. बरं चाललं होतं.

बिघडलं ते चांगली नाणी आवाक्याबाहेर गेली तेव्हा. स्वच्छ, ओळखू येणारं नाणं घेण्याची त्याची ऐपत राहिली नाही, म्हणून तो रविवारच्या जुन्या बाजारातून न साफ केलेला माल आणू लागला. मातीतल्या मिठाने चांदीचा वरचा थर खाऊन टाकलेली, शिंगासारखी करडी खपली धरलेली नाणी. विकणारे पावती देत नव्हते, आणि कुठून आणलं हे सांगतही नव्हते. बाजारातले जुने संग्राहक म्हणत, खपलीला हात लावू नकोस, आहे तसं ठेव. पण ते बोलून चालून डोळ्यांनी बघणारे लोक. हा तोलणारा. खपलीसकट वजन करायचं म्हणजे कोटासकट माणूस काट्यावर उभा करायचा, असं तो म्हणे. खरं वजन खपलीच्या खाली होतं, आणि ते कळल्याशिवाय त्याला चैन पडेना.

हे सगळं आईला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. काय वापरून खपली काढतो, तेवढं ठाऊक नव्हतं. ते सुनेने सांगितलं, आणि तेही हसत हसत. काळ्या बोटांच्या काळजीने आई झुरत होती त्याच आठवड्यात सून दुपारी वाटेत डोकावली. चहा पिता पिता म्हणाली, आई, घरात घोडे बांधल्यासारखा वास येतो हो, ते अमोनिया की काय त्याचा, डोळ्यांतून पाणी येतं. आणि काल तर गंमतच झाली. फळीवरचा त्यांचा नाणी भिजवायचा ट्रे मी जरा सरकवला, तर खालून टिकली फुटावी तसा फट् आवाज. खेळण्यातल्या पिस्तुलाची असते ना, तसा. बघते तर काहीच नाही, फळीला नुसता काळा ठिपका.

आईने कप बशीवर ठेवून दिला.

"ते वापरलेलं पाणी तो फेकतो ना ग?"

"छे हो. एक मोठी काचेची बरणी आहे. तीच पहिल्यापासून. कमी झालं की वर भर घालतात."

आई सुनेबरोबरच निघाली. सुट्टीचा दिवस होता, घुम्या घरी होता. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्याची छोटी खोली, एक खिडकी, तिच्याखाली वॉशिंग मशीन, आणि मशीनच्या बरोबर वर भिंतीत ठोकलेली फळी. मशीन चालू होतं. कपडे पिळायची पाळी आली होती, आणि ते धडधडायला सुरुवात करणार इतक्यात आईने भिंतीतली पिनच उपटली. खोलीत एकदम शांतता झाली. फळीवर बरणी होती. काचेला आतून आरशासारखी चकाकी धरलेली, आणि तळाशी काळा, मऊ, मखमलीसारखा गाळ. वरच्या कडेला, पाणी सुकून खाली गेलेल्या रेषेवर, काळ्या कणांची एक कोरडी किनार होती. आई त्या किनारीकडे बघत राहिली.

बाहेरच्या खोलीत आल्यावर तिने मुलाला समोर बसवलं. तिने हळू आवाजात, वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं. चांदीची खपली अमोनियात विरघळली की ते पाणी त्याच दिवशी निकालात काढायचं असतं. साठवलं तर तळाशी जे काळं बसतं ते स्फोटक. त्याला ठिणगी लागत नाही, हलवलं तरी पुरे, कधीकधी नुसतं पीस टेकवलं तरी पुरे. त्यांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने परीक्षानळी शनिवारी तशीच ठेवली होती आणि सोमवारी धुवायला घेतली. नंतर ती मुलगी कॉलेजात आली नाही. पुढे एकदा बसमध्ये दिसली होती, धाकट्या बहिणीचा हात धरून, पायरी चाचपत चढताना.

घुम्या ऐकत होता. मग म्हणाला, "आई, तू आयुष्यभर साबण तपासलास. दारूगोळा नाही."

"म्हणून तर माझी दहाही बोटं शाबूत आहेत. फेकत का नाहीस तू ते?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातलं माणूस बाहेर काढायला सांगितलं होतं.

"त्यात चांदी आहे, आई. सगळ्यांची. अँटिऑकची, सीझेरियाची, सगळ्या गावांची थोडीथोडी. ती गटारात ओतू?"

मग त्याने सांगितलं. एरवी कधी सांगितलं नसतं. पुरेशी चांदी जमली की ती तो त्या पाण्यातून परत काढणार होता आणि ओतून एक वजन करणार होता. छोटंसं, मखमलीच्या एका खाचेत बसेल एवढं. एकमेकांशी कधीच न जुळणाऱ्या त्या सगळ्या प्रांतांच्या चांदीचं एक बिनचूक वजन. बोलताना त्याचा आवाज पहिलं नाणं मिळालं त्या संध्याकाळसारखा झाला होता, आणि आईला ते ऐकवेना.

अग्निशमन दलाला बोलवूया, ती म्हणाली, त्यांची माणसं येऊन नीट घेऊन जातील. ते एकटे येणार नाहीत, तो म्हणाला. इमारत रिकामी करतील, पोलीस येतील, काय करत होता विचारतील, नाणी बघतील, पावत्या मागतील. पावत्या कुठे आहेत? नाणी तर जातीलच, पण ज्याच्या घरात संशयाचा माल सापडला त्याच्याकडे वजनांचा परवाना कोण राहू देईल? "दुकान जाईल, आई. मला दुसरं काय येतं?"

सून उठली आणि धुण्याच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेऊन आली.

शेवटी ठरलं ते असं. तो बरणीला हात लावणार नाही. मशीन चालवणार नाही. खोलीचं दार बंद राहील. त्याच्या ओळखीचा एक रसायनांचा व्यापारी आहे, तो गावाहून परत आला की त्याला विचारून काय ते करतील. तोवर कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आईने मान हलवली. हलवताना आपण हो म्हणतोय की नुसतं ऐकतोय, हे तिचं तिलाही नक्की ठरवता आलं नाही.

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि बराच वेळ ती घडी आणखी लहान लहान करत बसले. मग म्हणाले, "त्याने शब्द दिलाय ना? घुम्याचे शब्द कमी असतात, पण खोटे नसतात."

ते खरं होतं. पण त्या दिवसापासून आईला घरातला प्रत्येक आवाज वैऱ्यासारखा वाटू लागला. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की ती जागच्या जागी थांबायची. रोज काही ना काही निमित्त काढून ती सुनेला फोन करायची. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, ती चादर कुठल्या दुकानातून घेतलीस. सून चलाख, निमित्ताला उत्तर देऊन झालं की आपणहून सांगायची, दार बंद आहे आई. कपडे ती न्हाणीत हाताने धुते. जेवणाची भांडी हळू ठेवते. घरात कुणी फार आजारी असावं तसं आम्ही टाचा उचलून चालतो, असं ती एकदा म्हणाली. खालच्या मजल्यावरची बाई रोज त्याच खिडकीखाली कपडे वाळत घालते, हेही तिनेच सांगितलं. तो व्यापारी अजून परतला नव्हता.

आज सकाळी फोन सुनेचा आला. मागे टपालाच्या थैल्या आपटल्याचा आवाज होता. कामावरून कधी फोन न करणारी मुलगी, म्हणून आई उभीच राहिली.

"आई, तुम्हाला सांगावं की नको कळत नव्हतं. आज त्यांनी दुकान बंद ठेवलंय."

"का ग?"

"म्हणाले, आईची काळजी आज मिटवून टाकतो. तिची झोप गेलीय माझ्यापायी. काल शेजारच्या औषधवाल्याकडून फनेल आणि गाळायचे कागद आणलेत. आधी गाळून घेणार, खाली राहिलेलं काळं कागदावर उन्हात वाळवणार, म्हणजे चांदी वाया जात नाही. आणि मग पाणी ओतून देणार. मी निघाले तेव्हा खिडकी उघडत होते."

ओला होता तोवर त्या गाळाच्या अंगावर निदान पाण्याचं पांघरूण होतं. घुम्या ते पांघरूण काढणार होता, उन्हात पसरणार होता, आणि मग त्याच्या स्वभावाप्रमाणे चिमट्याने उचलून काट्यावर ठेवणार होता. वजन केल्याशिवाय तो राहणार नव्हता. आणि हे सगळं आईसाठी.

"तू घरी जाऊ नकोस," ती सुनेला म्हणाली. "काही झालं तरी मी सांगेपर्यंत घरी जायचं नाही. ऐकलंस?"

"आई, म्हणजे एवढं..."

"ऐकलंस ना?"

सून हो म्हणाली. फोन ठेवला तेव्हा बाबा दारात उभे होते. अर्धं त्यांनी ऐकलं होतं, अर्धं तिच्या चेहऱ्यावर वाचलं.

"आधी त्याला फोन कर," ते म्हणाले. "थांब म्हणावं."

तिने त्याचा नंबर काढलासुद्धा. अंगठा त्यावर टेकणार, तेवढ्यात तिला त्याचे हात दिसले. काळ्या टोकांची बोटं, दोन्ही हातांत तिरपी धरलेली बरणी, फनेलवर टेकवलेली. आणि खिशात थरथरणारा फोन. घुम्या दचकणाऱ्यातला नव्हता. पण फोन आईचा आहे हे त्याला कळलं असतं, आणि आईचा फोन तो वाजू देत नसे. एका हातात बरणी ठेवून दुसऱ्याने घेतला असता.

तिने नंबर मिटवला.

"त्याला नाही करता येत," ती म्हणाली.

बाबांना कळलं ती कुणाला करणार ते. ते खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते तिला दिसत होतं, कारण तेच तिच्याही समोर होतं. इमारतीखाली उभी गाडी, गॅलऱ्यांतून वाकलेले शेजारी, टेबलावर ओतलेली नाणी आणि त्यांच्याभोवती गणवेशातली माणसं. डोंगर, गरुड, सर्दी झालेला सम्राट, एकेक करून प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानाच्या दाराला सील. आणि भिंतीशी उभा असलेला तिचा मुलगा, आधीसारखा गप्प, आणि या वेळी कायमचा.

"तो तुला माफ करणार नाही," बाबा म्हणाले. रागाने नव्हे. तिला माहीत असावं म्हणून.

"नको करू दे. जन्मभर माझ्याकडे डोळे वटारून बघू दे. बघू तर दे."

बाबा उठले. त्यांनी दारामागे चिकटवलेला तातडीच्या नंबरांचा कागद तिच्यासाठी काढून आणला, आणि तिच्या चष्म्याजवळ धरला.

आईने काय सांगायचं ते मनाशी एकदा जुळवून घेतलं, कारखान्यात अपघाताची वर्दी द्यायची तसं, जास्त नाही, कमी नाही. आधी पत्ता आणि मजला. स्वयंपाकघरामागची खोली, खिडकी उघडी, खालच्या बाईला वाळवणीजवळून हटवा. बरणीत जुनं, चांदी विरघळलेलं अमोनियाचं पाणी, तळाशी काळा गाळ, तो बहुधा एव्हाना कागदावर असेल. कुणी उचलू नका, पुसू नका, पाणीही जोरात मारू नका. आत एक माणूस आहे, माझा मुलगा. दाराची घंटा दाबू नका, दार ठोकू नका. त्याला हळू आवाजात, दारापलीकडून, हातातलं आहे तिथेच ठेवायला सांगा. त्याला घरी घुम्या म्हणतात. त्या नावाने हाक मारलीत तर तो दचकणार नाही.

मग तिने कागदावरचा एकेक आकडा दाबला, आणि फोन कानाला लावला.